परवानग्या खाली

माझी पुतणी चारुता म्हणते, चूक माझ्या वहीची. मी म्हणतो, मराठी घरातल्या मुलीला ‘खाली’ म्हणजे काय हे कळू नये? पण त्या शनिवारी सकाळी हा वाद घालायला वेळ नव्हता.

सिविल लाइंसमधल्या एका प्रशिक्षण संस्थेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा सर्व्हर सांभाळण्यात. सगळ्या विभागांच्या फायली त्या एकाच यंत्रावर. कुणाला कोणता फोल्डर उघडेल हे मी लावून दिलेलं आणि एका वहीत मराठीत टिपून ठेवलेलं. मराठीत अशासाठी, की आमच्या हिंदी ऑफिसात दुसऱ्या कुणाला ते समजू नये. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

जूनमध्ये मी निवृत्त झालो आणि माझ्या खुर्चीवर चारुता आली. मराठी तिला सगळी समजते, असा आमचा समज. शुक्रवारी संध्याकाळी तिने फायली नव्या सर्व्हरवर हलवल्या. वहीत मी लिहिलं होतं, ‘मुख्य दार सर्वांना उघडं. परवानग्या खाली.’ म्हणजे खरी कुलपं आतल्या एकेका फोल्डरला आहेत. तिने हिंदीतलं ‘खाली’ वाचलं. परवानग्या रिकाम्या, मग न्यायचं काय? फायली नेल्या, मुख्य दार नेलं, कुलपं जुन्या यंत्रातच राहिली.

साडेनऊला तिचा फोन आला.

“काका, कल्याणी जींची तक्रार सगळ्यांना उघडतेय. त्यांनीच येऊन सांगितलं.”

कल्याणी ग्रंथालयात असते. भांडारप्रमुख दुबेंच्या वागण्याबद्दल तिने संस्थेच्या तक्रार समितीकडे लेखी तक्रार दिली होती. त्यात दोन साक्षीदार मुलींची नावं होती. सोमवारी जबाब होईपर्यंत दुबेंना पत्ता लागू देणार नाही, असा शब्द दिल्यावर त्या तयार झाल्या होत्या. समितीच्या तिघांखेरीज तो फोल्डर कुणालाच उघडायला नको होता, कल्याणीलासुद्धा नाही.

“आधी नव्या सर्व्हरची केबल काढ,” मी म्हटलं, आणि स्कूटर काढली.

पोचलो तेव्हा चारुता रडवेली झाली होती. वही माझ्यापुढे धरून म्हणाली, “तुम्हीच लिहिलंय ना काका, खाली. मग मी काय समझणार?”

मी चिडलो होतो. जुनं यंत्र चालू केलं. फोल्डरांच्या सगळ्या परवानग्यांची एक फाइल काढली, पेनड्राइव्हवर घेतली आणि नव्या यंत्रावर चढवायला गेलो. एकही लागली नाही. चारुताने पडद्याकडे पाहिलं.

“काका, तुम्ही फोल्डरच्या आतून चढवताय. एक पायरी वरून द्यायला पाहिजे.”

खरं होतं. वरून दिल्यावर तीनशे बारा फोल्डरांना कुलपं लागली.

आता उरला एकच प्रश्न. मधल्या काळात तो फोल्डर कुणी उघडला? कोण काय उघडतो याची नोंद ठेवायची सोय चारुताने नव्या यंत्रावर पहिल्याच दिवशी केली होती. मी इतक्या वर्षांत केली नव्हती. तिने यादी काढली. फोल्डर सात वेळा उघडला होता.

सातही वेळा एकच नाव, कल्याणी. पहिली वेळ आठ पन्नासची. दुबेंचं नाव कुठेच नव्हतं.

कल्याणी दारातच उभी होती. चारुताने विचारलं, “आपने सात बार खोला?”

“पहली बार तो ग़लती से खुल गई,” ती म्हणाली. “फिर बार-बार देखती रही कि बंद हुई या नहीं।”

मला लाज वाटली. वही इतरांपासून लपवण्याची हुशारी माझी, आणि पहारा देत बसली ही.

केबल पुन्हा जोडली. “अब देखिए,” मी म्हटलं. ती बाजूच्या कंप्युटरवर बसली आणि आठव्यांदा फोल्डरवर क्लिक केलं. पडद्यावर आलं, तुम्हाला परवानगी नाही. त्या एका ओळीपायी अठरा वर्षं मी सगळ्या ऑफिसच्या शिव्या खाल्ल्या.

कल्याणीने ती दोनदा वाचली.

“धन्यवाद, रमाकांत जी,” ती म्हणाली, आणि डोळे पुसून ग्रंथालय उघडायला गेली.