डाव्या बाजूचा पत्रा

म्हैसूरला बन्नीमंटपाच्या मागच्या गल्लीत दत्तोजीरावांची टिंकरिंगची शेड होती. गाडीचा गंजलेला पत्रा कापून काढायचा, नव्या पत्र्याला हातोडीनं आकार द्यायचा आणि तो जागेवर जोडायचा, हा त्यांचा धंदा. या कामाला खरं तर दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा पत्र्याला लावून धरायचा. मागे ठोकळा नसला तर पत्रा नुसता आत जातो, आकार धरत नाही.

दत्तोजीरावांचा ठोकळा जन्मभर त्यांच्या बायकोनं, तुळसीनं धरला. अंगानं ती एवढीशी. डिकीत शिरून पार चाकामागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. काठ ठोकताना डिकीचं झाकण खाली करावं लागे. मग आत अंधार, आणि बाहेरचं बोलणं आत पोचत नसे. म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. आतून एकदा टक् झालं तर थांबा. दोनदा झालं तर मारा. भरभर तीनदा झालं तर मला बाहेर काढा, जीव घाबरा झालाय.

तुळसी छातीच्या दुखण्यानं गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून दत्तोजीराव एकट्याच्या हातानं होईल तेवढंच काम घेत.

अशात श्रावणात सहना आली. हेब्बाळला कंपनीत नोकरी करणारी, तीन पिढ्या म्हैसूरला काढलेल्या घरातली मुलगी. मागे दोरीनं ओढून आणलेली तिच्या अज्जाची जुनी फियाट.

"मामा, नाही म्हणू नका. अज्जा रोज विचारतो, गाडी कुठाय, गाडी कुठाय. त्याला एकदा कृष्णराजनगरला नेऊन कावेरी दाखवायची आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला गाडी तयार पाहिजे."

"ही गाडी का मडकं? हात लावला तर भोक पडतंय."

"म्हणूनच तुमच्याकडे आणली. मडकं असतं तर कुंभाराकडे नेलं असतं."

दत्तोजीराव हसले. गाडी त्यांनी ओळखली होती. सहना शाळेत जात होती तेव्हा हिचा डावा मागचा पत्रा त्यांनी आणि तुळसीनं मिळून घडवला होता. त्यानंतर तुळसीचे गुडघे धरले आणि ती कुठल्याच डिकीत शिरली नाही; हात पोचेल तिथंच बाहेरून ठोकळा धरायची.

काम सुरू झालं. दारांखालचे पत्रे भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटून आले. तळ कापला, नवा बसवला. उजवा मागचा पत्रा नवा केला. मग ते डावीकडे आले. डिकीतून बॅटरीचा झोत आत टाकून पाहिलं. पत्र्याच्या आतल्या अंगाला ठोकळ्याच्या खुणा होत्या, लहान लहान, एकीला एक लागून, माशाच्या खवल्यांसारख्या. तुळसीचा हात.

त्यांनी बाहेर येऊन, उगाच, सवयीनं, पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं.

आतून आवाज आला. टक् टक्.

दत्तोजीरावांनी डिकीत पाहिलं. कुणी नव्हतं. ठोकळा फळीवर होता, त्यावर धूळसुद्धा तशीच. त्यांनी हातोडी घेतली आणि पत्र्याला पडलेल्या पोच्याच्या कडेला हलकेच मारली. पोचा सरळ वर आला. मागे कुणी ठोकळा धरल्याशिवाय असा येत नाही. ते मारत गेले. एका जागी जास्त लागलं तेव्हा आतून एकदाच टक् झालं, आणि ते थांबले.

भीती वाटली नाही. त्यांनी कोपऱ्यावरून चहा आणला आणि दोन पेल्यांत ओतला.

मग रोज दुपारी, बाकीचं काम उरकलं की ते डावीकडे बसत. गल्लीतली बातमी सांगत. पाठ दुखते म्हणत. आतून कधी एक, कधी दोन. शेजारचा टायरवाला हयग्रीव एकदा डोकावला.

"दत्तोजीराव, कुणाशी बोलताय?"

"गाडीशी."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, हयग्रीवाला सांगा आपलं दुकान बघ."

पण डावा पत्रा खालून सडला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जायचा. मागच्या चाकाचे स्प्रिंगपाटे जिथे अडकतात ती आतली पेटी त्याच पत्र्याच्या आड. पत्रा कापल्याशिवाय पेटीपर्यंत हात पोचणार नव्हता. पेटी सुटली की पाटा वर घुसतो आणि गाडी भर रस्त्यात बसते, हे दत्तोजीरावांना चांगलं ठाऊक होतं. आपल्या हातानं तुळसीचा पत्रा कापायचा आणि भंगारात टाकायचा, हे मात्र त्यांच्यानं होईना. कापला तर ती कुठे जाईल?

त्यांनी भोकावर ठिगळ मारलं. वरून लांबी, म्हणजे पत्र्याचं लुकण, भरली, सुकू दिली, घासून गुळगुळीत केली. रंग चढल्यावर कुणाची टाप नव्हती ओळखायची.

"डावी बाजू झाली?" सहनानं फोनवर विचारलं.

"डावी चांगलीच होती," दत्तोजीराव म्हणाले.

रंग मारला त्या दिवसापासून आतून काही आवाज आला नाही. त्यांनी पेर वाजवून पाहिलं, हाका मारून पाहिलं. रंग वाळतोय म्हणून असेल, अशी मनाची समजूत घातली.

आयुधपूजेच्या सकाळी सहना अज्जाला घेऊन रिक्षानं आली. पिशवीत कोहळा, लिंबं, शेवंतीच्या माळा. अज्जा, रघूत्तमराव, काठी टेकत गाडीभोवती फिरले. पांढऱ्या रंगात त्यांनी आपला चेहरा पाहिला.

"गाडी तरुण झाली, मी तेवढा राहिलो," ते म्हणाले. "दत्तोजी, मलाही थोडी लांबी भर रे."

सहनानं त्यांना मागच्या सीटवर डावीकडे बसवलं. लिंबं चाकांखाली ठेवली. कोहळ्यावर कापूर ठेवून ती काडी पेटवणार, तोच आवाज आला.

टक् टक् टक्.

दत्तोजीरावांच्या हातातली माळ खाली पडली. पुन्हा. टक् टक् टक्. भरभर, जीव घाबरा झाल्यासारखे. ते धावत मागे गेले आणि डिकीचं झाकण उघडलं. डिकी रिकामी. झाकण उघडं असताना पुन्हा तेच, आणि आता कळलं कुठून. झाकण उघडून ती सुटणार नव्हती. त्यांनीच तिला ठिगळ आणि लांबीमागे बंद केलं होतं.

"सहना, कोण गं ठोकतंय माझ्या पाठीशी?" आतून अज्जा म्हणाले.

"अज्जाला उतरव," दत्तोजीराव म्हणाले.

"आत्ता? मामा, मुहूर्त..."

"उतरव म्हणतोय ना!"

"अय्यो, आत्ता तर बसलो," म्हणत म्हातारा उतरला. दत्तोजीरावांनी कटरची वायर लावली. सहनाला काय चाललंय ते कळेपर्यंत चकती फिरायला लागली होती.

"मामा! बेडा, नको! रंगवलेली गाडी आहे! वेड लागलं का तुम्हाला?" तिनं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि कटर पांढऱ्या पत्र्यावर टेकवला. ठिणग्या उडाल्या, रंग जळाल्याचा वास सुटला. सहना रडवेली होऊन ओरडत होती. अज्जा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

तीन बाजू कापून झाल्या. दत्तोजीरावांनी कटर बंद केला, पत्र्याला पक्कड लावली आणि ओढला. लांबीचा ढलपा सुटला आणि आतून ओंजळभर तांबडा भुगा सहनाच्या चपलांवर पडला. पेटीत एकही चांगली जागा उरली नव्हती. पाट्याचा कान नुसत्या गंजाला लटकत होता. दत्तोजीरावांनी बोट लावलं तर तो हलला.

सहना खाली वाकली. तिनं त्या भोकाकडे पाहिलं, मग अज्जाच्या रिकाम्या सीटकडे.

"चांगली होती म्हणालात ना मामा," ती हळू आवाजात म्हणाली.

"खोटं बोललो. ही बाजू पुन्हा करून देईन. आयुधपूजा मात्र चुकली तुझी."

"पण आवाज कुणी केला?" अज्जांनी विचारलं. "मी स्वतः ऐकला."

दत्तोजीरावांनी कापलेला पत्रा हळूच बाजूला टेकवून ठेवला. भोकाजवळची वायर उचलली, पायात येईल असा तुकडा सरकवला, वाट मोकळी केली. मग ते गाडीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"काय करताय?" सहनानं विचारलं.

"तुम्हीही वळा जरा," ते म्हणाले. "लुगडं खोचलेलं असतं. उतरताना कुणी बघितलेलं तिला आवडत नाही."

सहनानं अज्जाकडे पाहिलं. अज्जांनी काठी उचलली आणि सावकाश वळले. मग तीही वळली. समोरून शेवंतीच्या माळा बांधलेली एक बस गेली, हयग्रीवानं आपल्या दुकानापुढे कोहळा फोडला. मागे शेडमध्ये पाऊल वाजलं की नाही, कुणास ठाऊक. तिघांपैकी कुणीही मान वळवली नाही.