मठ्ठ्यावरचा ठपका

सोनालीच्या साखरपुड्याला खोपोलीहून आलेली झाडून सगळी पाहुणेमंडळी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सलाइन लावून पडली होती. नवरदेवाच्या चुलत्याला कॉट मिळाली नाही, म्हणून तो बाकड्यावर बसला होता. त्याची बाटली वर धरायचं काम पुतण्याकडे होतं, आणि पुतण्या, म्हणजे खुद्द नवरदेव ऋतिक, मधूनमधून ती चुलत्याच्याच हातात देऊन पळत होता.

पण असं काही झालंच नाही. सोनालीच्या गावात, पोशीरमध्ये, कुणालाही विचारा. साखरपुडा झाला, अंगठ्या झाल्या, पाहुणे हसत गेले. हसत गेले हे तर खोटं नाहीच. हसू कर्जतपर्यंत टिकलं होतं. तेव्हा झालं नाही असंच धरून चालू आणि फक्त सोनालीच्या भावाबद्दल, नवीनबद्दल बोलू. काहीच झालेलं नसताना तो हल्ली घरी यायला मागचा, शेताच्या बांधावरचा रस्ता का धरतो, एवढाच प्रश्न आहे.

नवीन रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तिथून त्याने घरी एक वेड आणलं. अंगणातल्या विहिरीवरचा पंप लावला की पाणी आधी गाळणीतून आणि मग एका स्टीलच्या नळीतून टाकीत जायचं. त्या नळीत अतिनील किरणांचा दिवा होता. पाणी त्याच्या अंगावरून हळूहळू गेलं की त्यातले जंतू मरायचे. दिवा पेटलाय का ते कळावं म्हणून टोपणाला बारीकशी काच होती, तिच्यातून निळा उजेड दिसायचा.

दिवा आल्या दिवशी नवीनने आईला, विमलबाईला, पाणी उकळायची बंदी केली. उकळायच्या पातेल्यात मग कोंबडी अंड्यांवर बसली. पावसाळ्याआधी विहिरीत पावडर टाकायला पंचायतीचा माणूस आला, त्याला नवीनने काठावरच थांबवून किरणांवर भाषण दिलं. माणसाने ते सगळं ऐकलं, चहा घेतला आणि पावडर परत नेली. भाषण गल्लीनेही ऐकलं होतं. संध्याकाळपासून बाया हंडे घेऊन त्याच्याच दारात.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. गोठ्याकडचं पाणी वाहत विहिरीत उतरलं आणि विहिरीचा चहा झाला. सकाळी गाळणी गाळाने गच्च. नळीतून पाणी येत होतं, पण ते येतंय हे सांगावं लागत होतं. स्वयंपाकाचे ड्रम रिकामे, पाहुणे कर्जत ओलांडून पुढे आलेले, आणि चुलत्याचा फोन की आम्ही वेळेचे पक्के.

गाळणीला आणि नळीला वळसा घालून जाणारा एक पाइप होता. बसवणाऱ्याने बजावलं होतं, हा फक्त झाडांच्या पाण्यासाठी. नवीनने इकडे तिकडे बघितलं आणि त्याची चावी फिरवली. पाणी धो धो ड्रममध्ये पडलं. त्यात त्याने तुरटी फिरवली, गाळ तळाला बसला, वरचं पाणी काचेसारखं दिसायला लागलं. दिवा तिकडे चालूच होता, कुणाच्याही अंगावर न पडता. आपण काय करतोय हे नवीनला माहीत नव्हतं असं नाही. ते माहीत असलेला गल्लीत तो एकटाच माणूस होता.

पाहुणे आल्यावर तर त्याने कहर केला. त्यांना घेऊन दिवा दाखवायला गेला. एकेक जण वाकून काचेतून बघत होता. चुलत्याने तर चपला काढल्या. मग सगळ्यांनी ग्लासभर पाणी घेतलं. ह्या पाण्याची चवच येगळी, चुलता म्हणाला. नवीनने मान डोलावली. चव वेगळी होतीच.

आणि त्याच ड्रमातलं पाणी विमलबाईच्या मठ्ठ्यात गेलं.

पोशीरमध्ये विमलबाईच्या मठ्ठ्याशिवाय लग्न उभं राहत नसे. आचारी कुठलाही आणा, मठ्ठ्याच्या पिंपाशी पळी घेऊन तीच उभी. आलं किती, कोथिंबीर कधी, हे ती कुणाला विचारायची नाही आणि कुणी तिला सांगायचं नाही. लोक जेवण विसरायचे, मठ्ठा पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवायचे.

पुढे जे झालं नाही त्याचं कारण शोधताना पाण्याकडे कुणी बोटच दाखवलं नाही. पाण्याला तर दिवा होता, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. राहिला मठ्ठा. विमलबाईने स्वतःच खोपोलीला फोन लावून सांगितलं, दही जरा आंबलं व्हतं, माझंच चुकलं. खोपोलीकर मनाने मोठे. त्यांनी सोयरीक ठेवली, फक्त लग्नात मठ्ठा नको म्हणाले.

नवीन तेव्हा शेजारीच उभा होता. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून तिला ओट्यावर आणून उभी करणारा तोच.

आठवडाभराने त्याला राहवलं नाही. आई तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर बसून त्याने चावीचं सगळं सांगितलं. तिचं निवडणं थांबलं नाही.

"मला कळलंय कवाच," ती म्हणाली. "त्या दिसापासनं तू कंपनीतनं बाटली भरून आणतो नि तीच पितो. आमी पितो ते इथलं."

नवीनला वाटलं, आता ही रागावेल. तिने फक्त एक खडा काढून बाजूला टाकला.

"मग बोलली का नाय?"

"पोरीचा भाऊ लबाड हाय असं तिकडं गेलं असतं तर काय ऱ्हायलं असतं रं? म्हातारीचं दही काय, आंबतंच."

त्यानंतर नागूकाकाच्या मुलीचं लग्न निघालं. नागूकाकाचं घर समोरच. मांडव पडला, चुली पेटल्या. विमलबाईने सकाळीच पळी घासून ठेवली, लुगडं बदललं आणि दारात बसली. बोलावणं आलं नाही. दुपारी समोरून मठ्ठ्याचा वास आला. कोथिंबीर लवकर टाकलीय, ती म्हणाली, आणि पळी आत ठेवायला उठली.

नवीन तसाच मांडवात गेला. चार माणसांत नागूकाकाला त्याने सगळं सांगितलं: गाळणी, चावी, तुरटी, पाणी. आईचा काही दोष नाही, सगळं माझं.

नागूकाका शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्याने नवीनच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा रं. आयसाठी सगळं आपल्या अंगावर घेतोय. पोरगा असावा तर असा."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नवीनने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी हातवारे करून. मी खोटा आहे, असं त्याने स्पष्ट म्हटलं.

"दिवा पेटला व्हता ना?" नागूकाकाने विचारलं.

"व्हता."

"मंग?"

पुढच्या घटकाभरात त्याचा सत्कार झाला, शाल नव्हती म्हणून नुसता नारळ दिला, आणि आमच्याही विहिरीला तसला दिवा बसवून दे, असं तीन घरांनी सांगितलं.

पुन्हा कुणी कौतुक करायला नको म्हणून तो मागच्या बांधावरून घरी आला. आईने विचारलं, काय म्हणाले. त्याने नारळ पुढे केला. तिने तो हलवून पाणी आहे का बघितलं आणि फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत एक अर्ज आला. त्यावर आवक क्रमांक पडला. अर्ज असा:

मा. सरपंच यांस,

विषय : अर्जदारावरील विश्वास काढून घेणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराने घरगुती विहिरीचे पाणी किरणांस चुकवून पाहुण्यांस पाजले असून, वारंवार कबूल करूनही ग्रामस्थ त्यास दोषी मानण्यास नकार देत आहेत. तरी, समोरील गल्लीतील सर्व ग्रामस्थांनी अर्जदारास चांगला मुलगा म्हणणे तात्काळ थांबवावे, अर्जदाराच्या मातोश्री श्रीमती विमलबाई यांस मठ्ठ्याच्या कामी पूर्ववत रुजू करून घ्यावे, व अर्जदारास चुकून प्रदान झालेला नारळ परत घेण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती.