घोंगडीखालची मी

मी लघवीची पिशवी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा. पण मी ओरडत होते तेव्हा कोणी ऐकलं नाही, म्हणून आता ऐका. पिशवी ओरडते म्हणजे नेमकं काय करते, हे मलाही धड सांगता येत नाही. रिकामी राहते, एवढंच.

शहापूरच्या एका दवाखान्यात मी महिपतबाबांच्या वाट्याला आले. त्यांची प्रोस्टेटची गाठ फार वाढलेली. दुर्बिणीनं जमणार नव्हतं, म्हणून पोट उघडून काढली. आठव्या दिवशी लघवीची नळी आणि मी, दोघींसकट त्यांना म्हसा गावाजवळच्या घरी सोडलं. सिस्टरनं मुलाला, प्रणयला, बजावलं, "भरपूर पाणी पाजा. लघवी लाल झाली किंवा थांबली, तर लगेच आणा." प्रणयनं घरी फक्त पाण्याचं सांगितलं. बाकीचं वाटेतच सांडलं.

प्रणय कामावर जाण्याआधी मला रिकामी करी, आल्यावर पुन्हा. मधल्या वेळात मी कोणाची? सून भाविका घरातच असे, पण सासऱ्याच्या लघवीकडे सुनेनं बघायचं कसं? ती ताट ठेवून मान वळवून जाई. आणि बाबा जत्रेतली नवी घोंगडी खाटेवरून खाली सोडून मला झाकत. मला थंडी वाजत नव्हती हो!

म्हशाची जत्रा भरलेली. जाता-येता लोक बाबांना बघायला येत. शेजारच्या रघूनं घोंगडी उचलली.

"काय रं महिपत, सरबताचं दुकान टाकलंस काय?"

"ठेव रं खाली! सून हाय घरात."

सगळे हसले, बाबाही हसले. त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं सोडलं. प्यायचंच नाही, म्हणजे मी भरायची नाही! भाविकानं ठेवलेला तांब्या ते खिडकीतून बाहेरच्या अळवावर ओतत. रिकामा तांब्या बघून तिला बरं वाटे. अळू मात्र तरारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, प्रणय कामावर गेल्यावर, माझ्यात गडद लाल उतरू लागलं. मग नळीत रक्ताची गुठळी अडकली आणि सगळंच थांबलं. बाबांचं ओटीपोट फुगून दगड झालं.

"वायू धरलाय. ओवा दे गो," ते दात आवळून म्हणाले.

भाविकानं ओवा दिला. मला वाटलं, माझंच चुकत असेल, मीच नीट लोंबत नसेन.

दुपारी गुणाबाई, रघूची बायको, आली. भाविका तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली.

"तोंड का गो उतरलंय?"

"दोन तास झाले काकी, पोरीचा लंगोट कोरडाच हाय."

तेवढ्यात पोरीनं तिची मांडी भिजवली. गुणाबाई खदखदून हसली. "घे! लेकीचा थेंब न् थेंब मोजतेस. म्हाताऱ्याचं कोन बघतं?"

भाविकाचं हसू गोठलं. पोर गुणाबाईच्या हातात देऊन ती आत आली, खाली वाकली आणि घोंगडी उचलली.

"बाबा, कधीपासून बंद हाय?"

"तू जा. प्रणयला येऊ दे."

"तो सातला येईल. तोवर तुमी राहाल काय?"

बाबांनी तोंडावर टॉवेल ओढला. टॉवेलखालून आवाज आला, "सकाळपासनं."

रिक्षातून शहापूर गाठेपर्यंत तिनं मला हातात धरलं होतं. डॉक्टरांनी मोठ्या सिरिंजनं पाणी मारून गुठळ्या ओढून काढल्या, रक्ताची बाटली चढवली. "आणखी उशीर झाला असता, तर आतले टाके उसवले असते," ते म्हणाले. "माझंच चुकलं," भाविका म्हणाली. दोष तिचा एकटीचा नव्हता, हे मी कसं सांगणार?

आठवड्यानं नळी निघाली. बाबा खोकले आणि लेंगा ओला झाला. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे असं होईल, तोवर लंगोट लागेल. बाबांनी मान खाली घातली.

"घरात एकीचे वाळतातच," भाविका म्हणाली. "त्याच दोरीवर तुमचे घालीन."

बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, "पानी दे गो."

तिच्यादेखत त्यांनी अख्खा पेला संपवला.

मी हे दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यातून बघितलं. मला आता कोणी वापरणार नाही, आणि ते बरंच आहे. पण माझ्या बहिणी खूप आहेत, आणि घोंगड्याही. तेवढ्या उचला.