तहकूब सभा

वडिलांना, आप्पारावांना, घरी ठेवावे की बीडच्या वृद्धाश्रमात, या प्रश्नावर उत्तरेश्वर आणि त्याची थोरली बहीण मुक्ताबाई यांचा संक्रांतीनंतर सुरू झालेला वाद उन्हाळा तापला तरी मिटला नव्हता. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि वाद न मिटण्याचे कारणही तेच होते.

आप्पाराव धारूरजवळच्या गावी राहत. गावच्या दूध संस्थेचे ते उभी हयात अध्यक्ष होते. पत्नी गेल्यावर त्यांची स्मृती हळूहळू विरत गेली. माणसांची नावे गेली, जेवल्याची आठवण गेली, परंतु पहाटे उठून दूधकेंद्रावर जाण्याची सवय मात्र शाबूत राहिली. उत्तरेश्वर बीडला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवी. त्याने त्यांना आपल्या दोन खोल्यांत आणूनही पाहिले होते. तेथे ते रोज जिना उतरत आणि भर रहदारीत उभे राहून केंद्र कोठे हलवले म्हणून रिक्षावाल्यांना विचारत. मुक्ताबाई केजला सासरी होती, आणि तिच्याकडे अंथरुणाला खिळलेली सासू होती. म्हणून शेजारच्या बायनाबाईने आप्पांचे सगळे करावे, अशी व्यवस्था ठरली आणि ती दुष्काळ पडेपर्यंत नीट चालली.

दुष्काळाने ती मोडली. गावात टँकर येई, पण त्याला वेळ नसे. भोंगा वाजला की घरातले धडधाकट माणूस पाइप आणि घागरी घेऊन धावे. जो चुकला, त्याचा पिंप कोरडा. बायनाबाई बाहेरून कडी लावून धावे. एके दिवशी ती पाणी घेऊन परतली, तेव्हा मागच्या पडवीचे दार उघडे होते आणि आप्पा घरात नव्हते. ते सापडले कोरड्या पाझर तलावात, भेगाळलेल्या गाळाच्या मधोमध, हातात दुधाची रिकामी किटली घेऊन. सभासद उशीर का करत आहेत, असे ते विचारत होते. गावची जनावरे कधीच चारा छावणीत गेली होती आणि केंद्राला कुलूप होते.

त्या दिवसापासून उत्तरेश्वरला स्वस्थता नव्हती. वर्गात शिकवताना फोन थरथरला, की खडू हातातच राही. वृद्धाश्रमात दारावर माणूस आहे, डॉक्टर येतो, कूपनलिकेला पाणी आहे, असे तो बहिणीला पुन्हा पुन्हा सांगे. मुक्ताबाई म्हणे, ते सगळे खरे, पण उंबरा बदलला की आप्पांना आपण कोण हेही आठवायचे नाही. पाणी बायनाबाईने आणावे आणि आप्पांजवळही तिनेच बसावे, हे एकाच वेळी कसे व्हायचे, असे त्याने विचारले की सासूच्या औषधाची वेळ झाली म्हणून ती फोन ठेवी. आणि तिचे ते फोन ठेवणे त्याला युक्तिवादापेक्षा अधिक टोचे.

अखेर एकदा जागा तरी पाहून येऊ, एवढ्यावर तिने मान्यता दिली. आप्पांना काय सांगायचे, हा प्रश्न उरला. उत्तरेश्वरने त्यांना सांगितले, की बीडला दूध संघाची वार्षिक सभा आहे.

हे खोटे इतके लागू पडेल, अशी त्याची कल्पना नव्हती. आप्पांनी स्वतः दाढी केली, टोपी झटकली, धोतराचा सोगा नीट केला आणि एसटीत खिडकीशी ताठ बसले. केजच्या स्थानकावर मुक्ताबाई चढली. बापाचा थाट पाहून ती भावाकडे वळली आणि हळूच म्हणाली, "कुठं नेतोस म्हणून सांगितलंस?" त्याने सांगितले. मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत ती मागच्या आसनावर जाऊन बसली.

वृद्धाश्रमाच्या दालनात जेवणाआधी मंडळी बसली होती. व्यवस्थापक बद्रीनाथ खोल्या दाखवायला निघाले. परंतु आप्पा थेट समोरच्या टेबलाकडे गेले, खुर्ची पुसली आणि बसले. त्यांनी सभेवर नजर फिरवली.

"गणपूर्ती न्हाई, मानसं कमी हायत," ते म्हणाले. "सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं हितंच भरंल; मग गणपूर्ती लागत न्हाई."

बद्रीनाथांनी उत्तरेश्वरकडे पाहिले. उत्तरेश्वरने जमिनीकडे पाहिले. पहिल्या रांगेतल्या छबुबाई नावाच्या वृद्धेने शेजारच्या मैनुद्दीनचाचांना विचारले, की हे नवे साहेब कोण. चाचा उभे आयुष्य शिलाईयंत्रावर वाकलेले. ते म्हणाले, "कोन का असंना, बसा की मावशी. जेवायला अजून येळ हाय."

तो अर्धा तास उत्तरेश्वरला मोठा कठीण गेला. तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. आत जाऊन बापाला उठवावे, तर चार लोकांत त्यांचे पाणी उतरणार. न उठवावे, तर आपले खोटे खुर्चीवर बसलेले पाहत राहायचे. परतला तेव्हा दालन भरले होते. स्वयंपाकघरातल्या बायकाही दाराशी येऊन उभ्या होत्या.

"विषय वाचा," आप्पा म्हणाले.

मुक्ताबाई भावाला म्हणाली, "वाच की. सभेला म्हणून तूच आणलंस न्हवं?"

तो उभा राहिला. वर्गात कधी न अडखळणारा त्याचा आवाज अडखळला. एका वृद्ध सभासदाची व्यवस्था घरी चालू ठेवावी की येथे करावी, असा विषय आहे, असे त्याने सांगितले. नाव सांगायचे धैर्य त्याला झाले नाही. मग आपली बाजू त्याने मांडली: टँकर, कडी, मागचे दार, पाझर तलाव. मुक्ताबाईने आपली मांडली, आणि ती बोलताना रडेल असे त्याला वाटले होते; ती रडली नाही. घरी एक माणूस कमी पडते, एवढे तिने प्रथमच कबूल केले.

आप्पांनी सभेचे मत विचारले. मैनुद्दीनचाचा म्हणाले, की येथे कोणी उपाशी राहत नाही आणि रात्री खोकला आला तर शेजारचा उठून पाणी देतो. छबुबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "समदं हाय हितं. खोटं कशापायी बोलू? पर मला लेकानं दवाखान्यात न्यायचं म्हणून आणलं. दवाखाना अजून आला न्हाई."

उत्तरेश्वरने नजर दाराकडे वळवली.

आप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा घातली. "तो सभासद हजर हाय का?" त्यांनी विचारले.

बहीण-भावांनी एकमेकांकडे पाहिले.

"त्याला कुनी इचारलं का, त्याचं काय म्हननं हाय ते?"

"नाही," उत्तरेश्वर म्हणाला.

"मंग ठराव तहकूब. त्याला इचारल्याबिगर पुन्हा मांडायचा न्हाई." ते उठले. "चहा ठेवला आसंल तर घ्या समद्यांनी."

चहा खरोखरच आला. निघताना बद्रीनाथांनी, खाट महिनाभर कोणाला देत नाही, असे बाजूला घेऊन सांगितले. त्या सौजन्याचे ओझे घेऊनच उत्तरेश्वर एसटीत चढला.

परतीच्या वाटेवर घाटात गाडी धापा टाकत होती. बाहेर उघडीबोडकी शिवारे मागे सरत होती. मुक्ताबाई समोरच्या आसनावर डोळे मिटून बसली होती. आप्पांना सभा आठवते आहे की विरून गेली, हे उत्तरेश्वरला कळेना. आणि विचारायची त्याला भीती वाटत होती. तेव्हा तेच खिडकीबाहेर पाहत बोलू लागले.

"सोताचा इषय निघाला की अध्यक्षाला खुर्ची सोडून बाहेर बसावं लागतं. कायदाच हाय तसा." थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हनून मी नाव इचारलं न्हाई."

मुक्ताबाईने डोळे उघडले. उत्तरेश्वर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तो चेहरा जाणता होता की नुसताच शांत, हे आपल्याला कधीही ठरवता येणार नाही, असे त्याला वाटले.

"आप्पा," तो म्हणाला, "तुम्हाला कुठं राहायचंय?"

"मला?" त्यांना नवल वाटले. "मी घरीच निघालोय न्हवं?"

केज आले. मुक्ताबाईने पिशवी उचलली. पण उतरली नाही. तिने घरी फोन करून नणंदेला विचारले, की आजची रात्र सासूबाईंजवळ ती बसेल का. उत्तरेश्वरने बायनाबाईला फोन लावला. टँकर अजून आला नाही, असे ती म्हणाली. त्याने तिला सांगितले, की भोंगा वाजला तरी तिने दार सोडायचे नाही. उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत पाण्याला तो स्वतः उभा राहील.

"आन् मंग कॉलेज उघडल्यावर?" बायनाबाईने विचारले.

बघू, असे म्हणून त्याने फोन ठेवला आणि मुक्ताबाईचे धारूरपर्यंतचे तिकीट काढले. गाडी धारूरच्या रस्त्याला लागली. आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढची सभा कधी, असे विचारले.