ग्राफ पाहुण्यांपुढे बसला

माझी झूराकान वहिनी काराकोल शहरातल्या बालवाडीत स्वयंपाकीण होती. निवृत्त झाली, पण छोट्या पातेल्यात शिजवणं तिला काही जमेना. माझा भाऊ गेल्यावर घरात ती आणि लेक नुरझादा दोघीच, आणि चुलीवर मात्र पलटणीला पुरेल एवढी लापशी! अशात एक मेंढपाळ डोंगरावर जाताना आपला म्हातारा कुत्रा बाजारात सोडून गेला. दात पडलेले, कान गेलेले. वहिनीने त्याला घरी आणून जेवू घातलं. मग काय, लोकांना पत्ताच सापडला. ज्याचा कुत्रा थकला, तो वहिनीच्या फाटकाशी येऊन खाकरायला लागला.

कुत्र्यांचे पाय घसरतात म्हणून तिने जमिनीवर आमच्या आईने केलेले लोकरीचे जाड नमदे अंथरले.

"अगं, आईचे नमदे!" मी ओरडले.

"सासूबाईच म्हणायच्या ना, म्हाताऱ्यांना जप म्हणून," वहिनी म्हणाली.

ग्राफ नावाचा कुत्रा सगळ्यांत शेवटी आला. सीमेवरच्या नाक्यावर त्याने नोकरी केली होती. सामानात चोरटा माल सापडला की त्याच्यापुढे बसून राहायचं, ही त्याची खूण. हे मी कौतुकाने गल्लीभर सांगितलं होतं.

शरद ऋतूत नुरझादाला मागणी आली. मुलाची आई तोक्तोकानबाई कानात डूल घालायला येणार, म्हणजे लग्न पक्कंच. पण बाई फार टापटिपीच्या.

"वहिनी, आजच्यापुरते कुत्रे कोठारात ठेव ना," मी विनवलं.

"का? त्यांनी काय चोरी केलीय? आणि उद्या मुलीने सांगायचं काय, आई खोटी होती म्हणून?"

पाहुणे आले. तोक्तोकानबाईंनी नमद्यावर घोरणारे कुत्रे आणि त्यांच्या थाळ्यांत उरलेलं मटण पाहिलं आणि ओठ आवळले. त्यांचा धाकटा भाऊ किदिराली तर बोललाच, "एवढं मटण या बिनदातांना? आमच्याकडे माणसांना मिळत नाही!"

"तुम्हालाही वाढते की," वहिनी म्हणाली. "दात आहेत ना?"

बेशबरमाकचं, म्हणजे मटण-शेवयांचं, ताट मधोमध आलं. तेवढ्यात कोपऱ्यातून ग्राफ उठला, लटपटत आला आणि थेट किदिरालीच्या पिशवीपुढे बसला. मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला.

सगळे पिशवीकडे बघायला लागले. ही खूण आता अख्ख्या गल्लीला माहीत होती, आणि मुलाकडच्यांना तर मीच चहा देताना सांगितली होती.

"मी काही केलेलं नाही!" किदिराली घाबरून म्हणाला.

"मग उघड पिशवी," तोक्तोकानबाई म्हणाल्या.

"ताई, लोकांसमोर?"

"उघड म्हणते ना!"

पिशवीतून टोपी निघाली, मोजे निघाले, आमच्याच ताटातले तळलेले बोरसोक निघाले आणि तळाशी तंबाखूची पुडी.

"हृदयाचा झटका आल्यावर तंबाखू सोडली म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस ना रे, मेल्या?" बाईंनी पुडी ओढून घेतली. "शाबास रे कुत्र्या!"

पण ग्राफ तिथेच. पिशवी रिकामी झाली तरी बसलेलाच. किदिरालीने स्वतःचे खिसे उलटे केले, बूट झटकले.

आता मात्र वहिनीला हसू आवरेना. "अहो, त्याचं नाक कधीच गेलंय. मटणाच्या आशेने आला असेल. मागचे पाय धरलेत त्याचे, बसला की एकट्याने उठता येत नाही." तिने त्याच्या पोटाखालून टॉवेल घातला आणि अलगद उभा केला.

तोक्तोकानबाई आधी हसल्या त्या डोक्यावरच्या रुमालाआड, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किदिरालीला पाणी आलं ते वेगळ्या कारणाने. हसतच बाईंनी नुरझादाच्या कानात डूल घातले आणि वहिनीला म्हणाल्या, "विहीणबाई, माझे गुडघेही असेच धरतात. म्हातारपणी मला ठेवून घ्याल ना?"

"लापशी चालत असेल तर या."

ग्राफने तो हिवाळा काढला. टॉवेलच्या आधाराने रोज अंगणात फेरी मारायचा. लग्नात तर वऱ्हाडी त्याला आपल्या पिशव्या मुद्दाम दाखवत होते. बर्फ वितळल्यावर एका सकाळी तो उन्हात झोपला तो उठलाच नाही.

वहिनी मोठमोठ्याने रडली. निरोप मिळताच किदिराली कुदळ घेऊन आला आणि कोणालाही हात लावू न देता जर्दाळूच्या झाडाखाली त्याने एकट्याने खड्डा खणला. तोवर बाकीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांनी स्वयंपाकघराच्या दारात कुरकुर लावली होती. वहिनीने नाक पुसलं आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं.