ऑस्करची फ्लॉपी

"थांबवा ते! रडतंय ते," मटिल्डा म्हणाली.

ड्राइव्ह खरंच रडत होता. श्रीरंगने हात वर करून तिला गप्प केलं. जुन्या ड्राइव्हमध्ये फ्लॉपी फिरत होती आणि वायरीतून एकेक तुकडा त्याच्या नव्या कॉम्प्युटरवर उतरत होता. ही फेरी पुरी झाली तर झाली. दुसऱ्यांदा फिरायची ताकद तिच्यात नव्हती. पडद्यावर एकेका तुकड्याचा निकाल उमटत होता.

वाचलं. वाचलं. चूक. वाचलं.

मटिल्डा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. एव्हरशाईन सिटीतल्या या इमारतीत तिची मासळीची पाटी वर्षानुवर्षं येत होती. नवरा कुवेतला बोटीवर असताना त्याने पोरासाठी कॉम्प्युटर आणला होता. ऑस्कर त्याच्यापुढून उठायचा नाही. मिसरूड फुटता फुटता तो काविळीत गेला. पुढे कॉम्प्युटरही भंगारात गेला. फ्लॉपी तेवढी राहिली.

श्रीरंग निवृत्त कारकून. सातिवलीच्या भंगारातून तसाच कॉम्प्युटर उचलून त्याने गॅलरीत मांडला होता, बायकोच्या कुंड्या हलवून. वसुंधरा त्याला 'माझी सवत' म्हणायची. पापलेट घेताना तिने हे हसत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मटिल्डा पाटीऐवजी फ्लॉपी घेऊन दारात.

चूक. चूक.

"एवढी वाकडी कशी झाली ही?" श्रीरंग पुटपुटला.

"वाकडी? बुरशीचा एक ठिपका दाखव, दादा!" मटिल्डा ताठ झाली. "दरवर्षी बोंबील वाळत घातले की हिला पन बाजूला ठेवायची. चांगल्या कडक उन्हात. ऊन दाखवल्याबिगर काय टिकतं?"

वसुंधराच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. फ्लॉपीला ऊन लागू द्यायचं नसतं, हे श्रीरंगने तिला कितीदा तरी सांगितलं होतं. श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं नाही.

"खरंय," तो म्हणाला.

वाचलं.

चूक.

चूक.

चूक.

ड्राइव्ह थांबला. हाती लागली ती एका छोट्या प्रोग्रॅमची सुरुवात. रोमन अक्षरांत मराठी: मी ऑस्कर. तू कोण? पुढे नाव टाइप करायची सोय. त्याखाली अर्धी ओळ: नाव मटिल्डा असेल तर म्हण

आणि शून्यं. शून्यं. शून्यं.

मटिल्डा तोंडावर पाणी मारायला आत गेली, तशी वसुंधरा जवळ आली.

"तुम्हीच घाला काहीतरी."

"काय घालू?"

"काहीही. आई, भूक लागली. पोरं दुसरं काय बोलतात?"

त्याने टाइप केलं. मग थांबला. पोरगा तिला काय म्हणायचा? आई? आय? मम्मा? एकेक अक्षर त्याने पुसलं. शेवटी स्वतःची एकच ओळ घातली, प्रोग्रॅमला सुरुवातीला परत नेणारी: पुन्हा वर जा.

मटिल्डा येऊन बसली. एका बोटाने, अक्षरं हुडकत, तिने नाव लिहिलं.

मी ऑस्कर. तू कोण?

"आत्ता सांगितलं की," ती पडद्याला म्हणाली. पुन्हा लिहिलं.

मी ऑस्कर. तू कोण?

"पुढचं गेलंय, मटिल्डाबाई," श्रीरंग म्हणाला. "त्याने तुमच्यासाठी काहीतरी लिहिलं होतं. वाचता नाही आलं."

तिने बोट अक्षरांवरून उचललं.

"कशानं गेलं?"

"जुनी झाली होती फ्लॉपी. वय झालं तिचं."

"हां." तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. "असू दे. एकदा सांगून कधी ऐकलंय यानं?"

पदराला बोट पुसून ती पुन्हा पहिलं अक्षर शोधू लागली.