अप्पांचं पाणी

थेरपिस्ट बाईंनी अप्पांना बिछान्याच्या कडेला बसवलं आणि प्रेशरच्या मशीनकडे पाहिलं. आडवं असताना बरं असलेलं प्रेशर बसल्याबरोबर धाडकन खाली आलं होतं. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला, मान एका बाजूला कलली. बाईंनी त्यांना झटकन आडवं केलं आणि पायांखाली उश्या सरकवल्या.

"काय झालं हो?" सून दारातून म्हणाली. तिच्या हातात ओल्या चादरींचा बोळा होता.

बाई मनगट धरून बसल्या. नाडी पळत होती, बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक लागत होती. ताप नव्हता. जीभ मात्र लाकडासारखी कोरडी, ओठांना भेगा. अर्धांगवायू झाल्यापासून अप्पांची डावी बाजू लुळी पडली होती आणि आज त्यांना आधाराने उभं करायचं ठरलं होतं.

"लघवी कधी झाली?"

"सकाळी. जराशीच. पिवळीजर्द."

बाईंचं डोकं फिरलं. अशी घरं त्यांनी पाहिली होती.

"यांना पाणी कोण देतं?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"देता की देत नाही? चादरी धुवायला नकोत म्हणून माणूस वाळवत ठेवायचा का?"

सुनेने बोळा जमिनीवर आपटला.

"जीभ सांभाळून बोला, मॅडम! तुम्ही तासभर येता, हात वर-खाली करवता आणि जाता. यांची दाढी मी करते, नखं मी कापते, खालचं सगळं मी काढते. यांचा मुलगा रोज संध्याकाळी उंबऱ्यातून विचारतो, 'बरं आहे ना?' आत पाऊल टाकत नाही. वास येतो म्हणे! त्याला कोणी बोलत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

धाड्‌कन आवाज आला. अप्पांनी उजव्या मुठीने पलंगाची कड ठोकली होती. शब्द वाकडे, ओढून ओढून बाहेर आले.

"ती... देते. मी... ओततो."

त्यांचं बोट उशाजवळच्या खिडकीकडे होतं. बाईंनी वाकून पाहिलं. बाहेरच्या भिंतीवर खिडकीखाली ओघळ उतरले होते, रंगाला फुगे आले होते.

"अहो अप्पा, का पण?" सुनेचा आवाज चिरकला.

"लाज... वाटते. तू... लेकीसारखी. तू का... तो कुठे?" अप्पांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं उघडून बसवणारा मेकॅनिक होता तो. "काळा... होऊन यायचो. मांडीवर... बसायचा. तेव्हा... वास नाही आला!"

सून भिंतीला टेकून खाली बसली. बाई तिच्याकडे वळल्या. "माझं चुकलं."

"चुकलंच," सून म्हणाली, आणि वर बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला, मोजलेलं सगळं सांगितलं. आज प्रेशरची गोळी देऊ नका, सलाइन लावायला मी येतो, ते म्हणाले. मग बाईंनी मुलाला फोन केला.

"कामात आहे. माझ्या बायकोशी बोला."

"तिच्याशी बोलून झालं. तुमचे वडील तहानेने झिजताहेत. तुम्ही या."

तो आला तो तणतणतच. "काय तमाशा लावलाय? व्यायाम घ्यायचा सोडून घरात भांडणं लावायला येता का?"

"आज व्यायाम नाही. आज हे शिकायचं." बाईंनी लघवीचं भांडं त्याच्या हातात दिलं.

"मला नाही जमणार असलं काही."

"मलाही जमत नव्हतं," सून म्हणाली.

तो पलंगाजवळ आला आणि तोंड फिरवून, नाक आक्रसून त्याने भांडं पुढे केलं. अप्पांनी चांगल्या हाताने त्याची हनुवटी पकडली. त्या हातात नटबोल्ट आवळण्याची ताकद अजून होती. त्यांनी मुलाचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"इकडे... बघ."

मुलाने पाहिलं. त्याचे कान लाल झाले. सुनेने पेला भरला. बाईंनी अप्पांची पाठ उशीला टेकवून त्यांना जरा उठतं केलं आणि घोट-घोट पाजायला सांगितलं. पेला रिकामा होईपर्यंत अप्पांची नजर मुलावरून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी अप्पांना पुन्हा बसवलं. प्रेशर जागेवर राहिलं, नाडी बोटाखाली भरून लागली. मुलगा कामाला जाण्याआधी आणि आल्यावर भांडं धरत होता, कपाळाला आठ्या घालूनच. "वाकडं... धरतो. गाढव," अप्पा तक्रार करायचे. "मग तुम्ही नीट बसा!" तो खेकसायचा. दोघांचं पटलं नव्हतं. पण पाणी आता खिडकीबाहेर जात नव्हतं.

सून बाईंशी कामापुरतंच बोलत होती. तिने दिलेला चहाही आता कोमट असायचा. बाई तो मुकाट्याने प्यायच्या.

"चला अप्पा, उभं राहायचं," बाई म्हणाल्या. त्यांनी लुळी बाजू सावरली, मुलाने दुसऱ्या बाजूने कंबर धरली. अप्पांचा गुडघा थरथरला, वाकला आणि सरळ झाला.

"घट्ट... धर," ते मुलावर ओरडले.